चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवण फसतं कुठे? शहराच्या सहलीवर निघालेल्यांसाठी पायरीपायरीने

दिवसभराची पायपीट करून चौघंजण संध्याकाळी एका चिनी रेस्टॉरंटमध्ये शिरतात. प्रत्येक जण मेन्यू उघडून आपल्यापुरतं मागवतो. दोन फ्राइड राइस, दोन नूडल्स आणि सगळ्यांत मिळून काहीतरी तळलेलं. अर्ध्या तासाने समोर येतात चार ढीग, चारही तेलकट, चारही तपकिरी. बाहेर पडताना एकमत होतं, "जागा काही खास नव्हती." शेजारच्या टेबलावर मात्र तेवढीच माणसं वाफवलेला मासा, लसणावर परतलेला पाला, थंड काकडी आणि टोफू खाऊन तृप्त झालेली असतात. स्वयंपाकघर दोघांचं एकच.

फरक पडतो तो ऑर्डरमुळे. चिनी जेवण टेबलासाठी मागवायचं असतं, एकेका माणसासाठी नाही. आणि 'चिनी' असं एक स्वयंपाकघर नसतंच. प्रत्येक जागा कुठल्या तरी एका प्रांताचं चांगलं करते आणि बाकीचं गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही म्हणून करते. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा. त्यांचा क्रमही पाळा, कारण बऱ्याच चुका योग्य गोष्ट उशिरा केल्याने होतात. ॲलर्जी ऑर्डर दिल्यावर आठवते, भाव मासा शिजल्यावर विचारला जातो.

## १. निघण्यापूर्वी, घरी बसून

तारखा बघा. चिनी नववर्ष दरवर्षी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं; २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. आदल्या रात्री घरोघरची माणसं एकत्र जेवतात, त्यामुळे मोठी रेस्टॉरंट्स फार आधीपासून भरलेली असतात आणि त्या दिवसांत अनेक ठिकाणी फक्त ठरावीक, महागडा मेन्यू मिळतो. छोटी कौटुंबिक दुकानं तर काही दिवस सरळ कुलूप लावतात. मुख्य भूमीवर, म्हणजे बीजिंग, शांघाय, छंग्दू वगैरे शहरांत जाणार असाल तर १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडाही टाळलेला बरा.

चिठ्ठी तयार करा. तुम्ही काय खात नाही हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये चित्र म्हणून साठवा. बोलून दाखवण्यावर विसंबू नका. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो आणि आपला सूर हमखास चुकतो. चिठ्ठीत 'मी शाकाहारी आहे' एवढंच लिहून भागत नाही. 'मांस, मासे, कोळंबी, मांसाचं पाणी, ऑयस्टर (कालव) सॉस, डुकराची चरबी नको' असं एकेक नाव लिहा. का ते तिसऱ्या पायरीत येईल.

पैसे कशाने देणार ते ठरवा. मुख्य भूमीवर जवळपास सगळा व्यवहार ॲलिपे किंवा वीचॅट पे या ॲपवर, क्यूआर कोड दाखवून होतो. दोन्ही ॲप्सना परदेशी कार्ड जोडता येतं, पण पासपोर्टची पडताळणी आणि बँकेचा ओटीपी हे सोपस्कार घरच्या नेटवर्कवरच उरका. तिथे पोचल्यावर सिम बदललेलं असतं आणि ओटीपी जुन्या नंबरवर जातो. इतर देशांतल्या चायनाटाउनमध्ये नेमकं उलट असतं. तिथली कित्येक छोटी दुकानं आजही फक्त रोख घेतात.

भाषांतराचं ॲप ऑफलाइन उतरवून घ्या. मुख्य भूमीवर गूगलच्या सेवा साध्या इंटरनेटवर चालत नाहीत. हाँगकाँग आणि मकाऊमध्ये चालतात.

> तपासणी: फोन फ्लाइट मोडवर टाका. चिठ्ठी उघडते का? भाषांतर चालतं का? नसेल तर तयारी अजून झालेली नाही.

## २. जागा निवडताना

"जवळपासचं चांगलं चायनीज" असं शोधू नका. "आज कुठल्या प्रांताचं खायचं" तिथून सुरुवात करा. अगदी ढोबळ नकाशा असा:

- कँटनी (ग्वांगडाँग, हाँगकाँग): वाफवलेला मासा, भाजलेलं बदक आणि डुक्कर, डिम सम (छोट्या टोपल्यांतून येणारे वाफवलेले-तळलेले घास), सौम्य सूप. तिखट जवळपास नाहीच.
- सिचुआन: लाल मिरची आणि जीभ बधिर करणारी मिरी. या जोडीला 'माला' म्हणतात. 'मा' म्हणजे बधिर, 'ला' म्हणजे तिखट.
- हुनान: तिखटच, पण बधिर न करणारं. धुरावलेलं मांस, लोणच्यासारखी आंबवलेली मिरची.
- शांघाय आणि आसपास: गोडसर, सोया सॉसमध्ये मंद शिजवलेलं, आत सूप भरलेल्या वाफवलेल्या पुड्या, म्हणजे शियाओलोंगबाओ.
- उत्तरेकडचं: भातापेक्षा गहू. हाताने ओढलेल्या नूडल्स, डम्पलिंग्ज (मोमोसारखे सारण भरलेले), पोळीसारखे प्रकार. शीआनच्या जागांवर जिरं घातलेलं मेंढीचं मांस आणि पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स.

आता दारावरचा मेन्यू वाचा. एका प्रांताचे पंधरा-वीस पदार्थ ठळक दिसत असतील तर आत जा. सुशी, थाई करी आणि कुंग पाव चिकन एकाच पानावर असेल तर पुढे चला. पदार्थांची संख्या मोठी असणं वाईट नाही, चिनी मेन्यू लांबच असतात; यादीला काही गाव आहे का ते बघायचं.

दुसरी गोष्ट अंतराची. अनेक शहरांत जुनं चायनाटाउन पर्यटकांच्या वाटेवर असतं आणि अलीकडे आलेली चिनी वस्ती, तिच्याबरोबर आचारीही, उपनगरात असतात. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या चायनाटाउनऐवजी ७ नंबरच्या मेट्रोने शेवटपर्यंत, फ्लशिंगला जाऊन बघा. व्हँकुव्हरला रिचमंड, लॉस एंजेलिसला सॅन गॅब्रिएल व्हॅली. अर्धा-पाऊण तासाचा प्रवास आहे, पण सहलीतली एक संध्याकाळ त्यासाठी काढावी असं माझं ठाम मत आहे. तीन दिवसांच्या सहलीत तिन्ही रात्री मात्र नकोत.

वेळ. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन. त्यानंतर पाचपर्यंत कित्येक स्वयंपाकघरं बंद असतात. दार उघडं दिसतं, कारण आत कर्मचारी स्वतः जेवत असतात. मुख्य भूमीवर रात्रीचं जेवण लवकर होतं. सहा ही गर्दीची वेळ आणि छोट्या जागांवर साडेआठनंतर आचारी आवराआवर करू लागतो. रात्री साडेनऊला जेवायची सवय असेल तर एक तर ती सहलीपुरती मोडा किंवा हॉटपॉटच्या (टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात आपणच शिजवून खायच्या) जागा शोधा, त्या उशिरापर्यंत चालू असतात.

> सावधान: फूटपाथवर उभं राहून मेन्यू हातात कोंबणारा माणूस आणि उन्हाने फिकट झालेले फोटो दारात एकत्र दिसले तर थांबू नका.

## ३. आहाराची अट: ऑर्डरच्या आधी, मेन्यू उघडण्याच्याही आधी

आधी एक नियम पाठ करा. चिनी मेन्यूत नुसतं 'मांस' लिहिलेलं असेल तर ते डुकराचं. गाय, मेंढी, कोंबडी असेल तर तसं नाव जोडलेलं असतं. हलाल हवं असेल तर 'छिंगजन' ही पाटी शोधा. लानझोऊच्या बीफ नूडल्सची दुकानं आणि चीनच्या वायव्य भागातल्या लोकांनी चालवलेल्या जागा बहुधा याच प्रकारच्या असतात. पाटी मात्र बघूनच आत जा.

शाकाहारी माणसाची फसगत नावावरून होते. भाजी म्हणून मागवलेल्या या गोष्टी बघा:

- मापो टोफू: टोफू खरा, पण वर मांसाचा खिमा.
- कोरड्या परतलेल्या फरसबीच्या शेंगा: चिकटलेले तपकिरी कण मसाल्याचे नसतात, डुकराच्या खिम्याचे असतात.
- 'मत्स्यगंधी' वांगी: यात मासा नसतो. मिरचीचं लोणचं, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर असा तो मसाला आहे. खिमा मात्र बऱ्याचदा असतो.
- मुळ्याच्या तळलेल्या वड्या (डिम समच्या जागी): आत सुकी कोळंबी आणि सॉसेज.
- साधा हिरवा पाला: वर ओतलेला काळसर सॉस ऑयस्टरचा असतो, किंवा पाला कोंबडीच्या पाण्यात उकळलेला असतो.
- एग टार्ट: अंडं दिसतंच, पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते, ती दिसत नाही.

म्हणून चिठ्ठीत एकेक नाव हवं. "भाजी आहे का?" असं विचारलं तर उत्तर प्रामाणिकपणे "हो" येईल, कारण त्यात भाजी असतेच. विचारायचं ते असं: "हा पदार्थ खिमा न घालता, फक्त लसणावर करून द्याल का?" मापो टोफू, फरसबी आणि वांगी हे तिन्ही तसे करून मिळतात आणि चांगले लागतात.

उलट बाजूही आहे. बौद्ध शाकाहारी रेस्टॉरंटच्या मेन्यूवर 'बदक', 'मासा', 'हॅम' दिसलं तरी घाबरू नका. ते सोयाच्या पापुद्र्यांचं किंवा गव्हाच्या ग्लूटेनचं (गव्हातल्या चिकट प्रथिनाचं) असतं. या जागांवर कांदा-लसूणही बहुधा नसतो. शाकाहारी माणसाला पहिल्या रात्री अशाच ठिकाणी न्यावं, निदान एक जेवण निर्धास्त होतं.

ॲलर्जी हा यापेक्षा गंभीर मामला. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणजे ग्लूटेन न चालणाऱ्याला परतलेलं जवळपास काहीच चालत नाही. शेंगदाणे, तीळ आणि कवचधारी जलचर एकाच कढईत, एकाच झाऱ्याने फिरतात. ॲलर्जी जिवावर बेतणारी असेल तर गर्दीच्या वेळी मोठ्या आचेवरच्या स्वयंपाकघराकडून 'वेगळं भांडं' मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. वाफवलेले पदार्थ तुलनेने सोपे, पण तेही विचारून.

> तपासणी: चिठ्ठी वाचून वेटरने काहीतरी सुचवलं, किंवा एखाद्या पदार्थाला नाही म्हटलं, तर त्याला समजलं. नुसती मान डोलावली तर पुन्हा दाखवा.

## ४. बसल्यावरची पहिली पाच मिनिटं

चहा बहुधा न मागता येतो. फुकट असेलच असं नाही. हाँगकाँगमध्ये माणशी चहाचे पैसे लागतात आणि आधीच मांडलेल्या शेंगदाण्यांचे किंवा लोणच्याचेही लागू शकतात. मुख्य भूमीवर काही ठिकाणी पाकीटबंद ओला रुमाल किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वाटी-बशी बिलात येते. रकमा छोट्या असतात, त्यावरून वाद घालू नका. नको असेल तर हात न लावता परत द्या.

हाँगकाँग-ग्वांगडाँगकडे पहिला गरम चहा वाट्या-चॉपस्टिक्सवर ओतून ते पाणी मोठ्या भांड्यात टाकलेलं दिसेल. भांडी विसळण्याची ती पद्धत आहे. त्या भांड्यातलं पाणी सूप समजून पिणारे मी पाहिले आहेत. ते भांडं विसळण्याचंच.

चहा आधी दुसऱ्यांच्या पेल्यात, शेवटी आपल्या. किटली रिकामी झाली की झाकण थोडं तिरकं ठेवा. ती भरून मिळते, हाक मारावी लागत नाही. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला तर कँटनी टेबलावर दोन बोटं हलकेच टेबलावर टेकवतात, तेच आभार.

आता मेन्यू. पण तो उघडण्याआधी मान वळवून इतर टेबलं बघा. तीन टेबलांवर एकच पदार्थ दिसतोय? तो इथला. भिंतीवर चिकटवलेल्या हाताने लिहिलेल्या पट्ट्या, काचेच्या टाक्या, दर्शनी भागात टांगलेली बदकं, हे सगळं मेन्यूपेक्षा जास्त खरं बोलतं. पट्ट्यांवर कॅमेऱ्याने भाषांतर फिरवा, पण जपून. चिनी पदार्थांची नावं शब्दशः कळत नाहीत. 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या' म्हणजे खिमा घातलेल्या शेवयांसारख्या बारीक नूडल्स, 'सिंहाचं डोकं' म्हणजे डुकराच्या खिम्याचे मोठे गोळे, 'नवरा-बायकोची फुफ्फुसं' म्हणजे तिखट तेलात घातलेले बीफ आणि त्याच्या पोट-जिभेसारख्या भागांचे थंड काप. नाव विचित्र दिसलं की फोटो शोधा. मुख्य भूमीवर त्यासाठी दियानपिंग हे ॲप उत्तम, तिथे जागेनुसार लोकांनी काय खाल्लं याचे फोटो असतात.

मुख्य भूमीवर मेन्यूऐवजी टेबलावर क्यूआर कोड असू शकतो. यादी चिनीत उघडली तर स्क्रीनशॉट घेऊन भाषांतर करा.

## ५. ऑर्डर: घोडं इथेच पेंड खातं

किती? जितकी माणसं तितके पदार्थ, अधिक एक. भात वेगळा. दोघं असाल तर तीन, चौघं असाल तर पाच. आठ-दहा माणसं असतील तर 'अधिक एक' सोडून द्या आणि मोठ्या आकाराची ताटं मागवा.

कोणते? चूक सगळ्यात जास्त इथे होते. आवडीनुसार निवडू नका, शिजवण्याच्या पद्धतीनुसार निवडा. प्रत्येक पदार्थाला विचारा, हा कसा शिजतो? चौघांसाठी चांगली ऑर्डर अशी दिसते:

1. एक थंड पदार्थ: ठेचलेली काकडी, लाकडावर उगवणारे काळे मशरूम, थंड टोफू. हा लगेच येतो आणि भुकेला आवर घालतो.
2. एक वाफवलेला किंवा पाण्यात उकळलेला: मासा, अंडं, टोफू.
3. एक मोठ्या आचेवर परतलेला: इथे आचाऱ्याचा हात कळतो.
4. एक मंद शिजलेला: मातीच्या भांड्यातला किंवा सोयात मुरलेला.
5. एक हिरवा पाला, लसणावर. हा कधीही गाळू नका. मेन्यूत नाव नसलं तरी विचारा, "आज कुठला पाला आहे?" बहुतेक वेळा दोन-तीन प्रकार असतात.

यात तळलेला पदार्थ फार तर एक, गोड-आंबट सॉसचा फार तर एक, आणि अतितिखट फार तर दोन. सिचुआन जागी सगळंच लाल मागवलं की तिसऱ्या घासानंतर जीभ बधिर होते आणि पुढचं सगळं एकाच चवीचं लागतं. तिथे निम्मं टेबल पांढरं-हिरवं हवं.

भात आणि नूडल्स. साधा भात ऑर्डरबरोबरच मागा आणि "आत्ताच आणा" असं सांगा. नाही तर तो शेवटी येतो. मेजवानीच्या पद्धतीत भात-नूडल्स पोट भरायला अखेरीस येतात. मँडरिनमध्ये भात म्हणजे 'मी-फान'. परतलेल्या पदार्थांबरोबर फ्राइड राइस मागवू नका. सॉस शोषायला साधा भातच लागतो, फ्राइड राइस त्यावर तेलाचं आणखी एक पूट चढवतो.

तिखट किती? 'पू-ला' म्हणजे तिखट नको, 'वेइ-ला' म्हणजे किंचित. सिचुआन आणि हुनानच्या जागांवर त्यांचं 'किंचित' हे बाहेरच्यांचं 'पुरे' असतं. मात्र काही पदार्थ तिखटाशिवाय मागूच नका. मिरच्यांच्या ढिगातलं तळलेलं चिकन मिरच्यांविना मागणं म्हणजे आचाऱ्याला गोंधळात टाकणं. त्यापेक्षा दुसरा पदार्थ घ्या.

भाव लिहिलेला नसेल तर. ताज्या माशापुढे आकड्याऐवजी 'आजचा भाव' असं लिहिलेलं असतं. हा दर वजनावर असतो आणि वजनाचं माप देशोदेशी वेगळं. मुख्य भूमीवर एक 'जिन' म्हणजे ५०० ग्रॅम. तैवानमध्ये त्याच नावाचं माप ६०० ग्रॅमचं. हाँगकाँगमधला कॅटी सुमारे ६०५ ग्रॅमचा, आणि त्याचा सोळावा भाग म्हणजे टेल. दराचा आकडा लहान दिसतो तेव्हा तो टेलचा नाही ना, हे बघा.

एकदा एका बंदराच्या शहरात आम्ही दोघांनी टाकीतल्या माशाकडे बोट दाखवलं आणि ऐटीत बसलो. मासा आला तो सव्वा किलोच्या पुढचा. चविष्ट होता, अर्धा उरला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही नूडल्सवर काढले. त्या जागेची काही चूक नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं. तीन प्रश्न, याच क्रमाने: दर कुठल्या मापाचा? हा मासा किती वजनाचा? म्हणजे एकूण किती होईल? उत्तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाखवायला सांगा. दोघांना ५०० ते ६०० ग्रॅमचा मासा पुष्कळ होतो.

> सावधान: 'दोघांसाठी सेट', 'चौघांसाठी सेट' ही सोय पर्यटकांसाठी असेल तर त्यात जागेचा खास पदार्थ बहुधा नसतो. चिनी भाषेत लिहिलेला सेट असेल तर मात्र जरूर बघा.

बदक खायचं असेल तर पेकिंग डक आदल्या दिवशी सांगून ठेवा. पूर्ण की अर्धं, आणि कातडी-मांस पातळ पोळ्यांतून खाऊन झाल्यावर उरलेल्या हाडांचं सूप किंवा परतलेला पदार्थ करून देणार का, हे तेव्हाच विचारा. बदक असेल तेव्हा बाकीचे पदार्थ दोनने कमी करा.

> तपासणी: ऑर्डर वेटरकडून परत वाचून घ्या. पदार्थ मोजा. हिरवं आहे? वाफवलेलं आहे? एकच मांस दोनदा तर आलं नाही? मग मेन्यू मिटा.

एकट्याने फिरणाऱ्याने या सगळ्यात पडू नये. एका माणसाला पाच पद्धती जमत नाहीत. नूडल्सचं दुकान, भाजलेल्या मांसाचा भात किंवा डम्पलिंग्ज, यातलं एक निवडावं. उत्तरेकडे डम्पलिंग्ज वजनावर विकतात. आकडा बघून 'दहा नग असतील' असं समजू नका, किती नग येतील ते विचारा. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागेल, तेही नेहमीचंच.

## ६. खाताना

पदार्थ तयार होतील तसे येतात. सूप आधी, मग बाकीचं, असा हट्ट धरू नका. परतलेला पदार्थ कढईतून उतरल्यावर पाच मिनिटांत आपली जान गमावतो. फोटो एकच, मग लगेच वाढून घ्या.

फिरत्या टेबलावर कुणी वाढून घेत असताना चकती फिरवू नका. आपल्या ताटात डोंगर रचू नका. दोन घास घ्या, पुन्हा घ्या. वाढायला वेगळ्या चॉपस्टिक्स किंवा चमचा ठेवलेला असेल तर तोच वापरा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खुपसून ठेवू नयेत, ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. भाताची वाटी उचलून तोंडाजवळ नेणं मात्र अगदी रीतसर. चॉपस्टिक्स जमत नसतील तर चमचा मागा, कुणी हसत नाही.

शियाओलोंगबाओने तोंड पोळणं हा ठरलेला अपघात. वरच्या चुणीला धरून उचला, चमच्यात ठेवा, बाजूने छोटं भोक पाडा, सूप चमच्यात उतरू द्या, ते प्या, मग आलं-व्हिनेगर लावून बाकीचं खा. अख्खा तोंडात टाकू नका, आणि टोपलीत चॉपस्टिकने टोचू तर मुळीच नका. सूप टोपलीतून खाली गेलं की उरते नुसती खिम्याची पुडी.

वाळलेल्या लाल मिरच्यांचा ढीग खायचा नसतो. त्यात मांस शोधायचं असतं. सिचुआन मिरी चुकून दाढेखाली आली तर पाणी प्यायल्याने काही होत नाही. थोडा भात चावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.

## ७. दोन जागा, दोन वेगळे क्रम

डिम सम. हे सकाळ-दुपारचं खाणं. संध्याकाळी मिळालं तरी ती त्याची वेळ नव्हे. रविवारी अकरा वाजता रांग बघून परत फिराल, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी दहाच्या सुमारास जा. आधी चहा ठरवा. मग एक तर ढकलगाड्या फिरतात किंवा खुणा करायचा कागद मिळतो. गाड्या असतील तर पहिल्याच गाडीवर तुटून पडू नका. पहिल्या फेरीत तीन टोपल्या, मग थांबा. पदार्थांच्या भावाचे लहान, मध्यम, मोठा असे दर्जे असतात आणि कार्डावर तसे शिक्के पडतात. ते कार्ड हरवू नका, तेच बिल. कागद असेल तर दोन हप्त्यांत भरा, नाही तर बारा टोपल्या एकदम येतात आणि निम्म्या गार होतात. कोळंबी भरलेल्या पारदर्शक 'हा-गाव' या डम्पलिंगवर जागेची परीक्षा होते. आवरण चिकट, जाड असेल तर पुढच्या फेरीत हात आवरता घ्या.

हॉटपॉट. दोन कप्प्यांचं भांडं मागा, एकीकडे लाल, एकीकडे साधं. आधी बटाटा, कमळकाकडी, मुळा, म्हणजे शिजायला वेळ घेणारं. मग मांसाचे पातळ काप, एकेक, रंग पालटेपर्यंत. दहा-वीस सेकंद पुरतात. माशाचे गोळे वर तरंगले की तयार. पाला नेहमी साध्या कप्प्यात टाका. लाल कप्प्यात तो तिखट तेल शोषून घेतो आणि एका घासात डोळ्यांतून पाणी काढतो. नूडल्स शेवटी. लाल रस्सा प्यायचा नसतो.

> सावधान: कच्च्या मांसाला लावलेल्या चॉपस्टिक्सने खाऊ नका. वेगळा चिमटा मागून घ्या. सहलीत पोट बिघडवण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

## ८. बिल

मँडरिनमध्ये 'माय-तान' म्हटलं की बिल येतं. बहुतेक ठिकाणी एका टेबलाचं एकच बिल होतं. वाटणी आपापसांत करा, काउंटरवर नको. पदार्थ मोजा, माशाचं वजन बघा, चहा किती माणसांचा लावलाय ते बघा. बखशिशीची रीत शहरागणिक बदलते. मुख्य भूमीवर ती देत नाहीत, हाँगकाँगमध्ये बहुधा १० टक्के सेवाशुल्क बिलातच असतं, अमेरिकेत वेगळी द्यावी लागते. सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर दुसऱ्यांदा देऊ नका.

उरलेलं बांधून मागण्यात कुठेही संकोच नको. 'ता-पाओ' म्हणा, डबे येतात. पाला आणि वाफवलेला मासा मात्र जागेवरच संपवा. मंद शिजलेलं मांस आणि भात दुसऱ्या दिवशीही चालतो, पण हॉटेलच्या खोलीत फ्रिज असेल तरच.